टोपूला घरापर्यंत सोबत

१

सिंदेवाहीच्या पलीकडे, धानाच्या बांध्या संपता संपता जिथे जंगल सुरू होतं, तिथे बोडीटोला नावाचं ढिवरांचं, मासे धरणाऱ्यांचं, गाव आहे. गावाला मोठा तलाव आहे आणि तलावाला डोमा होता. मासे काय, सगळेच धरत; पण मेलेल्याचा जीव पाण्यातून घरी आणायचा तो डोमानेच, असं ठरून गेलं होतं.

काम दिसायला साधं. कुणाकडे दहावा असला की डोमा सकाळी पितळी लोटा घेऊन छातीभर पाण्यात उतरायचा, मेलेल्याला हाक मारायचा आणि पाण्यात हात घालायचा. हाताला पहिलं जे लागेल, झिंगा म्हणा की बोटाएवढी मासोळी म्हणा, तो त्या माणसाचा जीव. तो लोट्यात घालून, तोंडावर धोतराचा सोगा धरून घरी आणायचा आणि देवाच्या कोपऱ्यात ठेवायचा. शेजारी जमिनीवर तांदळाचं पीठ भुरभुरून त्यावर टोपली पालथी घालायची. दुसऱ्या दिवशी पिठात काही उमटलेलं दिसलं की बायका डोळे पुसायच्या आणि माणूस घरी आला म्हणायच्या.

डोमाचा स्वतःचा यावर किती विश्वास होता, ते विचारू नये. मुखरू, त्याचा जाळ्यावरचा जोडीदार, एकदा विचारून बसला. "तलावात हात घातला त मासोळीच लागन ना बे," डोमा म्हणाला, "हत्ती थोडी लागन." पण विश्वास असो नसो, रीत म्हणजे रीत. आणि रितीच्या दोन गोष्टी तो कधी चुकवत नसे.

पहिली गोष्ट, हाक पुरी मारायची. अमक्याचा लेक, अमक्या घरचा, असं सांगून. नुसतं नाव घ्यायचं नाही. एका नावाचे गावोगाव असतात, आणि हाक ऐकायला कोण मोकळा बसलाय ते आपल्याला दिसत नाही. दुसरी गोष्ट, जीव एकटा चालत नाही. त्याला दारापर्यंत सोबत लागते, नाही तर तो वाटेतच घुटमळतो. म्हणून डोमा तलावाच्या पाळीवरून लोट्याशी बोलत यायचा. कुणाच्या गाईला गोऱ्हा झाला, यंदा सिंगाडे कसे आहेत, असलंच काहीतरी. एक पिकल्या मिशांचा माणूस लोट्याला गावगप्पा सांगत चाललाय, हे पाहून गावात कुणीही हसत नसे.

२

डोमाचा मुलगा निकेश माजरीला कोळशाच्या खाणीत होता. सून रंभा आणि नात रोशनी इकडे डोमाजवळ. बाप घरी नाही, तरी पोरीला करमावं यासाठी निकेशने एका दिवाळीला जुना काळापांढरा टीव्ही आणून दिला. टीव्ही आला आणि डोमाच्या मागे नवीनच काम लागलं. अँटेनाचा बांबू अंगणात खिडकीला लागून रोवलेला. तो चंद्रपूरकडे पिळून हाताने धरून ठेवला तरच चित्र यायचं. सोडला की पडद्यावर मुंग्या. त्यामुळे रविवारी सकाळी गावभरची पोट्टी आत चटईवर आणि डोमा बाहेर बांबूला मिठी मारून, खिडकीतून जेवढं दिसेल तेवढं पाहत उभा.

"आलं का?"

"आलं आजा, आता हालू नको."

पोट्टी यायची ती टोपूसाठी. टोपू हे कार्टूनमधलं कुत्रं. डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा डाग, बाकी अंग पांढुरकं. डोंगरातल्या एका लाकडी घरात दादू नावाच्या म्हाताऱ्याजवळ राहायचं. चालायला लागलं की लाकडी जमिनीवर टुक टुक टुक आवाज. टोपूचा खरा रंग कोणता, यावर पोट्ट्यांची भांडणं व्हायची; रंगीत टीव्ही बोडीटोल्यात कुणी पाहिलाच नव्हता. डोमाला टोपू आवडायचा, पण त्याहून दादू आवडायचा. "म्हातारा सकाळपासून कुत्र्याच्या मागं धावते," तो म्हणायचा. "माह्यासारखाच रिकामा हाये."

पुढच्या पावसाळ्यात एक भिजलेलं पिल्लू अंगणात आलं. त्याच्याही डोक्यावर काळा डाग होता. रोशनीने त्याचं नाव काय ठेवलं, ते सांगायला नको. पोरगी त्याला उशाशी घेऊन झोपायची, आपल्या ताटातला भात चोरून भरवायची, आणि रंभा ओरडली की दोघं मिळून डोमाच्या मागे लपायची. डोमा वरवर कुरकुरायचा, पण जाळ्यातली बारीक मासोळी आता घरी येईपर्यंत दोन वाट्यांत वाटली जाऊ लागली होती.

गणपतीच्या सुमारास दिवेलागणीला बिबट अंगणात आला आणि टोपूला घेऊन गेला. पुरायलासुद्धा काही मिळालं नाही.

रोशनी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती ताटावर बसायची आणि तशीच उठायची. शाळेतून येऊन अंगणात, जिथे टोपू बसायचा तिथे, उकिडवी बसून राहायची. महिना संपायच्या आत पोरीची गळ्याची हाडं दिसायला लागली. रंभा एका दुपारी चुलीपुढे रडत डोमाला म्हणाली, "मामाजी, पोट्टी हातची जाते आता."

३

रोशनीनेच विचारलं. "आजा, तू समद्यायचे जीव आनते. टोपूचा काऊन नाई आनत?"

"कुत्र्याचं नाई करत माय."

"त्याले जीव नोहोता?"

रंभाने डोमाला बाजूला घेऊन समजावलं, "असं कराचं नसते मामाजी. लोकं हासतीन." पण कित्येक दिवसांनी पोरगी एवढं बोलली होती. डोमाने मनात हिशेब केला. तलावात हात घातला तर मासोळी लागणारच. ती लोट्यात घालू, कोपऱ्यात ठेवू, पोरीचं समाधान होईल, दोन घास पोटात जातील. आपल्या बापाचं काय जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तलावावर गेले. रोशनी पाळीवर उभी राहिली. डोमा पाण्यात उतरला आणि हाक मारायला तोंड उघडलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की या कुत्र्याचा बाप कोण, घर कोणतं, काहीच माहीत नाही. कुठून आलं होतं कोण जाणे. माणसाला म्हणतो तसं काही म्हणता येईना. मागे पोरगी डोळे लावून उभी.

त्याने नुसती हाक मारली. "टोपू. घरी चाल."

पाणी थंड होतं, तळाचा गाळ बोटांना लागत होता, आणि त्या गाळाच्या वर, पाण्याच्या आत, त्याच्या हाताला काहीतरी कोरडं लागलं.

डोमाने आयुष्यभर पाण्यात हात घातले होते. पाण्यात मऊ लागतं, बुळबुळीत लागतं, टोचतं, चावतं. कोरडं कधी लागत नाही. हात झटकावा असं फार वाटलं; पण पोरगी पाहत होती. त्याने ओंजळ लोट्यात रिकामी केली. आत पाहिलं तर नुसतं पाणी.

"गवसला का आजा?"

"गवसला," डोमा म्हणाला, आणि लोट्याच्या तोंडावर सोगा धरला. वाटेने रितीप्रमाणे लोट्याशी बोलत आला, पण लोटा भरलेला असून हाताला वजन लागत नव्हतं. म्हातारपणी हात बधिर होतात, असं त्याने स्वतःला सांगितलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाने टोपली उचलली आणि सासऱ्याला हाक मारली.

पिठात पाऊल होतं. कुत्र्यासारखंच होतं, पण मागे एक गोल आणि पुढे तीन बोटं. डोमा गुडघ्यांवर बसून पाहत राहिला. कुत्र्याला चार बोटं उमटतात, बिबटाला चार, मांजराला चार. तीन बोटांचं असं पाऊल टाकणारं जनावर या जंगलात नव्हतं. शिवाय कडा इतक्या साफ की एक दाणा इकडचा तिकडे नाही.

"घुशीचं असन," तो म्हणाला.

"घुशीचा पाय असा राह्यते?" रंभाने विचारलं. मग तिने पीठ पुसून टाकलं.

रोशनीला मात्र कुणाचं स्पष्टीकरण नको होतं. तिने त्या सकाळी न सांगता वेणी घातली, लाल रिबीन बांधली, आणि अंगणात पळाली. थोड्या वेळाने तिचं हसू ऐकू आलं. रंभाच्या हातातला झाडू थांबला. सासरा-सुनेने एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांच्याही मनात एकच आलं की घूस तर घूस, देव तिचं भलं करो.

त्या दुपारी डोमा पडवीत जाळं विणत बसला होता. आतून आवाज आला. टुक टुक टुक. देवाच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत, आणि परत. टीव्ही बंद होता. तेव्हा वीजच नव्हती. डोमाने आवाज ओळखला, पण काय चुकतंय ते कळायला त्याला वेळ लागला. घरातली जमीन शेणाने सारवलेली होती. तिच्यावर कुत्रं चाललं तर आवाज होत नाही. हा आवाज लाकडी फळ्यांवर चालल्याचा होता, आणि लाकडी फळ्यांची जमीन बोडीटोल्यात कुणाच्याच घरी नव्हती.

त्याने जाळं खाली ठेवलं, आत डोकावून पाहिलं. कुणी नव्हतं. भिंतीशी ऊन पडलं होतं आणि रोशनी त्या उन्हात बसून मांडीवरच्या कशावरून तरी हात फिरवत होती.

५

आता डोमा काही लहान मूल नव्हे. लाकडं उन्हाने तडकतात, कौलाखाली खार पळते, आवाज कुठूनही येतो. आणि एकुलत्या एका पोरीला खेळात कुत्रं दिसतं, तर दिसू दे. पोरगी हसतेय, उड्या मारतेय. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, त्यालाही बरं वाटत होतं. संध्याकाळी तो कधीमधी अंगणाकडे तोंड करून म्हणायचा, "काय टोपूराव, बरं हाये ना?" आणि रोशनी खुदकन हसायची.

पण रोशनी अजून खात नव्हती. हे डोमाच्या ध्यानात उशिरा आलं. ताट पुढ्यात असे, हात तोंडाशी जाई, तोंड हलत असे. उठली की भात तेवढाच.

"काऊन वं, खाल्लं नाई?"

"खाल्लं ना आजा."

"हा भात मंग कोनाचा हाये?"

"टोपू असाच खाते," रोशनी म्हणाली. "तो खात नाई, खाल्ल्यावाणी करते. त्याले चव नाई येत. वास बी नाई येत. तरी मजा येते त्याले." आणि तिने पुन्हा रिकामा घास तोंडाशी नेला.

दिवाळीची आंघोळ आली. रंभाने पोरीला पाटावर बसवून हळद-तेल लावलं आणि डोमाला बोलावलं. "मामाजी, हे पाहा न जरा." डोमाने पाहिलं. रंभाच्या तळहातावर हळद पिवळीधमक होती. तीच हळद रोशनीच्या दंडावर राख लावल्यासारखी दिसत होती. तिच्या वेणीतली लाल रिबीन सावलीत वाळवलेल्या फडक्यासारखी झाली होती. डोमाने पोरीला उचलून उन्हात नेलं. उन्हातही तसंच. तिचं वजन किती कमी भरलं ते त्याच्या हातांना तेव्हा कळलं, आणि त्या हातांना तो लोटा आठवला.

त्याला भीती वाटली. उभ्या जन्मात बिबटाची वाटली नव्हती अशी. आपण कुणाला हाक मारली, आणि कोण आलं, ते तो पहिल्यांदा स्वतःशी नीट बोलला. त्या नावाचा धनी आधीपासून दुसरीकडे, दादूजवळ, होता. तो गुणी होता, त्याने हाक ऐकली, आणि तो आला. यात त्या बिचाऱ्याची चूक काहीच नव्हती.

६

टोपूचा दिवाळीचा खास कार्यक्रम रविवारी होता. महिनाभर टीव्हीवर त्याची जाहिरात चालली होती आणि गावातल्या पोट्ट्यांनी देव पाण्यात घातले होते की वीज जाऊ नये. वीज गेली नाही. पोट्टी चटईवर दाटीवाटीने बसली. डोमा अंगणात बांबूला धरून उभा राहिला. रोशनी आत गेली नाही. ती अंगणात, रांगोळीच्या कडेला बसली होती.

कार्यक्रम सुरू झाला. लाकडी घर, खिडकीत दिवे, बाहेर बर्फ. दादूने चेंडू फेकला. चेंडू गडगडत भिंतीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. दादू हसला, खाली वाकून हवेत हात फिरवला. पोट्टी वाट पाहत होती.

"टोपू कुठी हाये?"

"येईन ना बे. पाह्य तं."

टोपू आला नाही. दादूने बशीत दूध ओतलं, कुणी प्यालं नाही. शेजारचे लोक फराळ घेऊन आले आणि जमिनीकडे पाहून कुणाचं तरी कौतुक करून गेले. डोमाने बांबू आणखी पिळून पाहिला. अर्धं चित्र मुंग्यांत जाणं नेहमीचंच. पण आज चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. फक्त कुत्र्याच्या जागी कुत्रं नव्हतं.

मग हळूहळू दादूचा चेहरा बदलला. तो घरभर फिरला, पलंगाखाली पाहिलं. कंदील घेऊन बाहेर पडला आणि बर्फात उभं राहून हाका मारू लागला. "टोपू. घर आ जा बेटा. टोपू." खिडकीतून तो आवाज अंगणात येत होता, आणि डोमाच्या अंगावर काटा आला. ही हाक त्याच्या धंद्यातली होती. छातीभर पाण्यात उभं राहून, मेलेल्यांच्या घरच्यांसाठी, ती हाक त्याने किती वेळा मारली होती. कागदावर काढलेला म्हातारा असला म्हणून काय झालं, त्या हाकेतलं दुःख डोमाला ओळखू येत होतं.

"रोशनी," तो म्हणाला. "ऐकून राह्यली ना?"

रोशनीने मान हलवली.

"आपला टोपू बिबटानं नेला माय. हा त्या बुढ्याचा हाये. म्या चुकून आनला. त्याले सोड आता."

"तो जाईन," रोशनी हळू म्हणाली. "पन त्याले वाट नाई मालूम. एकटा कसा जाईन? तूच म्हनते, जीवाले एकटं नाई सोडाचं."

जायला हवं होतं ते डोमाने. सोबत करणं हे त्याचं काम. पण हातात बांबू होता, आणि बांबू सोडला की दादू जाणार, घर जाणार, वाटच बंद होणार. रंभाला धरायला बोलवावं, तर ती पाण्याला गेलेली.

"तू जाय," तो म्हणाला. "दारापर्यंत सोड. दारापर्यंतच, समजलं का?"

रोशनी उठली. आणि तिच्याबरोबर रांगोळीच्या पलीकडून आणखी काहीतरी उठलं.

डोमाने ते पाहिलं, आणि पुढे जन्मभर तो त्याबद्दल एवढंच सांगू शकला. अंगणात झेंडूच्या माळा होत्या, रांगोळीत गुलाल होता, कुंपणावर दोडक्याची हिरवी वेल होती. त्या सगळ्यात एका कुत्र्याएवढ्या जागेला रंग नव्हता. करडं, पांढरं, आणि त्यातून खालून वर सरकणाऱ्या बारीक रेघा, वीज कमी झाली की टीव्हीत येतात तशा. डोक्यावर काळा डाग. त्याने शेपटी हलवली. मग ते दाराकडे वळलं, आणि वळताना, कडेने, ते नुसती एक उभी रेघ झालं.

टुक टुक टुक. रोशनी हात खाली सोडून, कुणाच्या तरी मानेवर ठेवल्यासारखा, आत गेली.

डोमाचे हात घामेजले होते. बांबू निसटला. आत मुंग्यांचा खरखर आवाज झाला, पोट्टी ओरडली. त्याने धडपडत बांबू धरला, पिळला, आणि खिडकीतून पाहिलं. दादूच्या कुशीत टोपू होता. म्हातारा रडत होता, पोट्टी टाळ्या पिटत होती. रोशनी टीव्हीच्या अगदी जवळ, तळहात काचेवर ठेवून बसली होती.

"रोशनी."

ती वळली नाही.

"रोशनी," त्याने पुन्हा हाक मारली. ती वळली, आणि म्हणाली, "भूक लागली आजा."

त्या दिवशी तिने करंज्या खाल्ल्या, भात खाल्ला, खरोखर खाल्ला. डोमा समोर बसून प्रत्येक घास गिळताना पाहत होता. रिबीन लाल होती. डोमाने तोंड फिरवून डोळे पुसले.

निकेश भाऊबीजेला आला तेव्हा डोमाने सहज विचारलं, तुमच्याकडे टोपूचा कार्यक्रम कसा झाला. "पाह्यलाच नाई बाबा," निकेश म्हणाला. "आमच्या कॉलनीत लाईन गेलती."

७

पोरगी वाढली. अंगाने भरली, शिकली, नर्सिंगला लागली. चांगली, हसरी, कामसू. खोड म्हणाल तर एकच. तिला हाक मारली की पहिल्या हाकेला ती कधी ओ देत नसे. दुसरी मारावी लागायची, लांबून ऐकू आल्यासारखं. रंभा म्हणायची कानात दोष आहे. डोमा दुसरी हाक मारायचा.

निकेशने रंगीत टीव्ही आणला, वर छत्री बसवली. बांबू निघाला आणि डोमा बेकार झाला. त्या दिवाळीला रोशनी सुट्टीत घरी होती. दुपारी आजा-नात टीव्हीसमोर बसले होते, आणि तोच कार्यक्रम पुन्हा लागला.

टोपू पिवळा निघाला. डोमाला फार हसू आलं. आज तो पहिल्यापासून चित्रात होता. चेंडू आणत होता, दूध पीत होता. दादूचा कोट निळा होता. मग टोपू हरवला, दादूने हाका मारल्या, आणि टोपू बर्फातून घरी आला. डोमाचे डोळे पुन्हा भरून आले. म्हातारपणी असंच होतं.

दार उघडं होतं. उघड्या दारात, आतल्या बाजूला, दिव्यांच्या उजेडात, एक लहान पोरगी उभी होती. सगळं घर रंगीत होतं. ती करडी होती. रिबिनीची वेणी, फ्रॉक, आणि अंगातून खालून वर सरकणाऱ्या बारीक रेघा. टोपू धावत गेला तो आधी दादूकडे नाही, तिच्याकडे गेला. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला. मग नावं आली आणि चित्र संपलं.

शेजारी रोशनी मटार सोलत होती. तिने पडद्याकडे पाहिलंही नव्हतं.

"दारापर्यंतच सांगतलं होतं तुले," डोमा म्हणाला.

रोशनीने विचारलं नाही की कशाबद्दल. "दार उघडं होतं आजा," ती म्हणाली.

"मंग वापस कशी आली?"

ती हसली. ते हसू चांगलं होतं, मायेचं होतं. "मले हाक कुठी मारली कोनी?"

"म्या मारली ना. दोनदा मारली."

"नुसतं नाव घेतलं तू," रोशनी म्हणाली, आणि सोललेले दाणे त्याच्या हातावर ठेवले. "खाय. गोड हायेत."

८

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाने पितळी लोटा चिंचेने घासला. त्याला आता धड चालवत नव्हतं, म्हणून रोशनीने विचारलंच नाही, सरळ त्याच्या कोपराखाली हात घातला. तलाव तुडुंब होता. पाळीवर मुखरू जाळं वाळवत बसला होता, त्याने लोटा पाहिला आणि विचारलं, "कोन गेलं जी डोमाभाऊ?"

"कोनी नाई गेलं," डोमा म्हणाला. "आपलंच मानूस हाये. उशीर झाला आनाले."

रोशनीने त्याला पाण्यात उतरवलं आणि स्वतः पाळीवर उभी राहिली, तिथेच, जिथे लहानपणी उभी होती. डोमाने मागे वळून तिच्याकडे एकदा पाहिलं. लाल साडी, भरलेलं अंग, डोळ्यांवर ऊन आलं म्हणून कपाळावर धरलेला हात. ही त्याची होती. हिला ताप आला तेव्हा तो उशाशी बसला होता, हिला एसटीत बसवून देताना रडला होता. आणि तीही त्याचीच होती, ज्या पोरीने त्याच्या शब्दाखातर एका परक्या कुत्र्याला घरी पोचवलं आणि आजा बोलवील म्हणून दारात उभी राहिली. दादूच्या दारात, समोर बर्फ, किती दिवाळ्या.

त्याने छाती भरून घेतली.

"रोशनी," तो म्हणाला. "निकेशची लेक, रंभाची लेक, डोमाची नात, बोडीटोल्याची. घरी चाल माय."

मग त्याने पाण्यात हात घातला. गाळ लागला. गाळाच्या वर, थंड पाण्याच्या आत, काहीतरी कोरडं, लहान, त्याच्या दोन बोटांना येऊन बिलगलं आणि घट्ट धरून राहिलं.

डोमाने ओंजळ हळूच लोट्यात उतरवली, वर सोगा धरला. रोशनीने पुढे होऊन त्याला हात दिला. तिने लोट्यात पाहायला मागितलं नाही. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात नातीचा हात, असा म्हातारा पाळीवरून निघाला. यंदा सिंगाडे बरे आहेत, रंभाने करंज्या जरा जास्तच भाजल्या, मुखरूच्या कुत्रीला पिल्लं झालीत आणि एकाच्या डोक्यावर काळा डाग आहे, असं सांगत सांगत घर येईपर्यंत तो दोघींशीही बोलत राहिला.